दिवाळीत दिवाळ्याची गोष्ट

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये, असे आमच्या सौ.चे म्हणणे पडले. सणासुदीला कुणाच्या बुडण्याचे कशाला बोलायचे! पण माझा इलाज नाही. ज्या गोष्टीमुळे गेल्या वर्षी आमच्या घरावरचे एक संकट टळले, तिचे नावच मुळी 'ब्रोक', म्हणजे दिवाळे निघालेला, असे आहे. ही गोष्ट अमेरिकेतल्या एका दूरदर्शन मालिकेच्या एका भागाची आहे, आणि मालिका चक्क विनोदी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने आपल्या संतकवींना सोडून या परदेशी भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. त्यासाठी आधी माझ्या धाकट्या भावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. माल भरायचे पुठ्ठ्याचे खोके विकणाऱ्या एका कंपनीत त्याने सोळा वर्षे इमानेइतबारे विक्रीचे काम केले. गिऱ्हाइकाच्या मुलीचे लग्न कधी, कुणाच्या आईचे मोतीबिंदू कधी काढले, हे सारे त्याला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी तिथे नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सगळ्यांदेखत भावाला विचारले, "तुमचं इथं नक्की काम काय?" झाले! चिरंजीव घरी आले ते राजीनामा देऊनच. महिन्याभरात एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी स्वतःचा धंदा काढला. जुनी कंपनी जो खोका वीस रुपयांना विकते, तो हे अठराला देऊ लागले. गिऱ्हाइके धावत आली. आम्ही पेढे वाटले.

पण चार-सहा महिन्यांत पेढ्यांची चव उतरू लागली. मागण्या वाढत होत्या आणि भावाचा चेहरा उतरत होता. पहाटे चारला उठून तो टेंपो गाठी. वहिनी काही बोलत नसत, पण त्यांच्या हातांतल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या होत्या. गेल्या वर्षी गणपतीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, आईची ती ठेव आहे ना बँकेत, ती सहा महिन्यांपुरती मिळेल का? धंदा वाढतोय, हात आखडून चालणार नाही."

आईची ठेव म्हणजे तिच्या म्हातारपणाची काठी. मला 'हो' म्हणवेना आणि 'नाही'ही म्हणवेना. ही कुचंबणा आमच्या कन्येने दाराआडून ऐकली असावी. ती वाणिज्य शाखेत शिकते. रात्री जेवणे झाल्यावर ती संगणक घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काका, बावीस मिनिटं बसा. एक गंमत दाखवते."

कागद विकणारी मंडळी

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. मूळ 'द ऑफिस' इंग्लंडातले. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या जोडीने २००१ साली ते बी.बी.सी.साठी रचले. त्यावरून ग्रेग डॅनियल्स यांनी अमेरिकन अवतार घडवला. तो २००५ ते २०१३ अशी आठ वर्षे, २०१ भागांत चालला. आपल्याकडेही २०१९ साली त्याची हिंदी आवृत्ती निघाली आणि तिच्यातली कचेरी फरिदाबादेत थाटण्यात आली. तिन्ही ठिकाणी कंपनी कागदच विकते. कागदासारखी कोरी, नीरस वस्तू मुद्दाम निवडली असावी. कारण मालात रंग नसला की माणसांचे रंग अधिक उठून दिसतात.

अमेरिकन कंपनीचे नाव डंडर मिफ्लिन, आणि तिची शाखा पेन्सिल्वेनियातल्या स्क्रॅंटन या गावी. गाव खरे आहे, एके काळी दगडी कोळशाच्या खाणींवर भरभराटलेले. कंपनी मात्र काल्पनिक. शाखेचा व्यवस्थापक मायकेल स्कॉट. हे काम स्टीव्ह करेल या नटाने केले आहे. मायकेल बडबड्या, बावळट, मानाचा भुकेला. हाताखालच्या माणसांनी आपल्याला मित्र म्हणावे म्हणून वाटेल तो पोरकटपणा करणारा. पण कागद विकायला बसला की या वेड्याच्या अंगात कोण संचारते कळत नाही.

या मालिकेत प्रेक्षकांचे खोटे हसू मागून वाजवीत नाहीत. कुणी तरी कचेरीचा माहितीपट काढीत आहे अशी कल्पना आहे. त्यामुळे पात्रे मधूनच कॅमेऱ्यासमोर एकटी बसून मनातले बोलतात. आपल्या जुन्या नाटकांतले स्वगत ते हेच! फरक इतकाच की आपला नायक स्वगतात खरे बोले. मायकेल स्वगतातही स्वतःला फसवतो, आणि ते आपल्याला दिसते.

पंधरा वर्षांचा समारंभ

'ब्रोक' हा भाग २३ एप्रिल २००९ रोजी प्रथम दाखवला गेला. लिहिला चार्ली ग्रँडी यांनी, आणि दिग्दर्शन खुद्द करेल यांचे. ते दिवस कसे होते हे ध्यानात घ्या. अमेरिकेत मंदीचा तडाखा बसलेला, बेकारी नऊ टक्क्यांच्या घरात. नोकरी सोडणे म्हणजे भर पावसात छत्री फेकून देणे. अशा दिवसांत मायकेलने नोकरी सोडली होती.

सोडली ती कशासाठी? तर कंपनीतल्या पंधरा वर्षांच्या समारंभासाठी! पोलादाच्या कंपनीतून आलेला चार्ल्स मायनर हा नवा वरिष्ठ (हे काम इद्रिस एल्बा या इंग्रज नटाने केले आहे) येताक्षणीच तो समारंभ रद्द करतो. मायकेल बड्या साहेबांना, डेव्हिड वॉलेसना, फोन करीत राहतो आणि ते फोनवर येण्याचे टाळतात. शेवटी तो थेट न्यूयॉर्कला जाऊन उभा राहतो. वॉलेस म्हणतात, बरे बाबा, कर तुझा समारंभ. आणि त्याच क्षणी मायकेल राजीनामा देतो. समारंभ मिळाला, पण आपला फोन चुकवला जातो हे कळल्यावर त्या समारंभाला काय अर्थ उरला?

इथे भावाने माझ्याकडे पाहिले. मी नजर पडद्यावर ठेवली.

मायकेलला दोघे जण येऊन मिळतात. पॅम ही स्वागतिका. आयुष्यभर फोन उचलण्याचा तिला कंटाळा आलेला. आणि रायन हा एके काळचा उंच उडालेला, आता जमिनीवर आपटलेला तरुण. या तिघांची 'मायकेल स्कॉट पेपर कंपनी' त्याच इमारतीतल्या एका अडगळीच्या खोलीत सुरू होते. वरच्या मजल्यावरच्या संडासांचे नळ याच खोलीतून जातात. त्यामुळे व्यापाराच्या गंभीर बोलण्यात मधूनच धबधबा कोसळतो. तरी त्यांची दुकानदारी चालते. जुन्या कंपनीची गिऱ्हाइके एकामागून एक गळू लागतात, कारण मायकेलचा भाव कमी. आधीच्या आठवड्याच्या भागात तर मायकेल आणि त्याचा एके काळचा भक्त ड्वाइट एकाच गिऱ्हाइकासाठी हमरीतुमरीवर येतात.

हिशेबनिसाचे एक वाक्य

'ब्रोक'ची सुरुवात होते पहाटेच्या अंधारात. तिघेही झोपाळू डोळ्यांनी स्वतःच माल पोचवायला निघालेली. त्यांची गाडी जुनी, पूर्वी एका कोरियन चर्चची होती. बाजूवरची अक्षरे तशीच असल्याने वाटेत भाविक मंडळी ती आपलीच समजून चढू पाहतात. भाऊ इथे खदखदून हसला. कित्येक महिन्यांत त्याला असे हसताना मी पाहिले नव्हते.

मग हिशेबनीस येतो. तिघांना वाटते की आता कौतुक होणार, इतकी गिऱ्हाइके मिळाली! तो शांतपणे सांगतो की तुमचा भावच चुकला आहे. धंदा लहान असतानाचा खर्च धरून तुम्ही भाव ठरवलात. धंदा वाढला तसा पोचवण्याचा, माणसांचा, जागेचा खर्च वाढला, आणि भाव तिथेच राहिला. मायकेल म्हणतो, पण आमच्या कमी भावावरच तर आमचा धंदा तगून आहे. हिशेबनीस म्हणतो, त्या भावानेच तुम्ही बुडत आहात. मायकेलला ते पटत नाही. आकडे पुन्हा एकदा नीट दळून काढा, असा तो हट्ट धरतो. जणू आकडे म्हणजे जोंधळे आहेत आणि जात्यावर जरा जोर लावला की पीठ जास्त पडेल!

मी हसलो, कन्या हसली. भाऊ हसला नाही.

"थांबव जरा," तो पुतणीला म्हणाला. "ते परत लाव."

तो प्रसंग त्याने तीनदा पाहिला. उरलेला भाग न पाहताच उठला, आईच्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबला आणि घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तो दारात. हातात शंभर पानी वही. आम्ही दोघे भाऊ स्वयंपाकघरात चहा पीत हिशेबाला बसलो. खोका कारखान्यातून पंधरा रुपयांना येतो, विकतो अठराला, म्हणजे तीन रुपये सुटतात, असा त्याचा आजवरचा हिशेब. सुरुवातीला तो खराही होता. कारण हजारभर खोके तो मित्राच्या गाडीतून स्वतः पोचवीत असे. आता महिन्याला दहा हजार खोके जात होते. आता लिहा खर्च: टेंपोचे भाडे खोक्यामागे दोन रुपये, हमाली बारा आणे, म्हणजे पंचाहत्तर पैसे, माल ठेवायला घेतलेल्या गाळ्याचे भाडे एक रुपया, भिजलेला माल आणि दोन-दोन महिन्यांच्या उधारीवरचे व्याज मिळून आणखी पंचाहत्तर पैसे. बेरीज साडेएकोणीस! म्हणजे प्रत्येक खोक्यामागे दीड रुपया पदरचा. दहा हजार खोक्यांमागे महिन्याला पंधरा हजारांचा खड्डा. आणि यात त्याच्या स्वतःच्या पहाटे चारच्या उठण्याची किंमत शून्य धरलेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. तिचा ताळेबंद मांडताना प्रथमच पाहिला.

आईची ठेव त्या खड्ड्यात सहा महिने पुरली असती. मागण्या वाढल्या असत्या तर तितकीही नाही. धंदा जितका वाढेल तितके बुडणे लवकर, ही गोष्ट आपल्या साध्या बुद्धीला उलटी वाटते, म्हणूनच ती घात करते. २००२ सालच्या आपल्या स्पर्धा कायद्याने बाजारात वरचढ असलेल्या कंपनीला लहानांना संपवण्यासाठी खर्चाखालच्या भावाने विकायची बंदी केलेली आहे. पण लहान माणूस रागाच्या भरात स्वतःच स्वतःला संपवायला निघाला, तर त्याचा हात धरणारा कायदा नाही. तो हात घरच्यांनीच धरायचा.

बारा हजार ते साठ हजार

उरलेला भाग आम्ही त्याच रात्री पाहिला. तिकडे तिघे गिऱ्हाइकांना फोन करून भाव वाढवू पाहतात आणि गिऱ्हाइके साफ नकार देतात. स्वस्ताईने आलेले गिऱ्हाइक स्वस्ताईबरोबर जाते. आता कुलूप लावायचे एवढेच बाकी. पण वरच्या मजल्यावर हे कुणाला ठाऊक नाही! तिथे वॉलेसना घोर लागला आहे, की आपली मोठमोठी गिऱ्हाइके का जात आहेत. ड्वाइटला खरी बातमी लागते, तो ती सांगू पाहतो. पण पॅमचा नियोजित वर जिम तिथेच कामाला आहे, तो शिताफीने ती गोष्ट उडवून लावतो. ज्याला सत्य माहीत आहे त्याचे कुणी ऐकत नाही. कचेऱ्यांचा हा धर्म सातासमुद्रापलीकडेही पाळतात म्हणायचा.

शेवटी वॉलेस कंपनी विकत घ्यायला तयार होतात. प्रथम बारा हजार डॉलर, मग वाढत वाढत साठ हजार. ज्या कंपनीच्या तिजोरीत खडखडाट आहे तिला साठ हजार! पॅम आणि रायन यांना आकाश ठेंगणे होते. आणि मायकेल नाही म्हणतो. त्याला पैसे नको आहेत, तिघांनाही नोकऱ्या हव्या आहेत, आणि चार्ल्स जायला हवा. वॉलेस चिडतात, तुझी कंपनी किती दिवस टिकेल असे विचारतात. त्यावर हा बावळट मनुष्य जे बोलतो ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: मला तुमच्या कंपनीपेक्षा जास्त टिकायचे नाही, मला फक्त तुमच्यापेक्षा जास्त टिकायचे आहे. भागधारकांची सभा जवळ आली आहे. गिऱ्हाइके का गेली याचे उत्तर तुम्हाला द्यायचे आहे. माझी ही कंपनी बुडाली तर मी दुसरी काढीन, मग तिसरी. नावांना काही तोटा नाही.

वॉलेस मान्य करतात. तिघे परत येतात.

भांडण कुणाचे?

आता यात खरे काय आणि खोटे काय? दुसरी कंपनी काढायला मायकेलकडे छदाम नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ती थाप. पण थापेच्या पोटात एक सत्य आहे, आणि मला वाटते या भागाचा जीव तिथे आहे. वर्तमानपत्रांत आपण वाचतो की अमुक कंपनीने तमुक कंपनीशी युद्ध पुकारले. कंपनी बिचारी कागदावरची. तिला राग येत नाही, अपमान होत नाही, तिला रात्री झोप लागण्या-न लागण्याचा प्रश्न नाही. झोप उडते ती माणसांची. मायकेलला झोंबला होता तो चुकवलेला फोन. वॉलेसना भीती आहे ती सभेत उभे राहून उत्तर देण्याची. दोन कंपन्यांच्या भांडणात बसलेली ही दोन माणसे आहेत, आणि ज्याला हे आधी उमजले तो जिंकला. मायकेलने साठ हजार नाकारले, कारण त्याचे जे हरवले होते ते साठ हजारांत येत नव्हते.

पण लेखक एवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते. पुढच्याच आठवड्याच्या भागात बिले येतात. जुन्या सहकाऱ्यांची गिऱ्हाइके मायकेलने पळवली होती. त्यांची मिळकत बुडाली होती. ते संतापलेले असतात. गिऱ्हाइके परत करावी लागतात. विक्रीच्या कामावर पॅमला ठेवता येते, रायनला पुन्हा हंगामी कामावर जावे लागते. आणि चार्ल्स? तो खरे पाहता दुष्ट नव्हताच. कामाचा माणूस, थोडा कोरडा, इतकेच. एकाचा मान राखताना दुसऱ्याचा गेला.

हे पाहून झाल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांतली तीन माझी नव्हतीच. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा त्याची होती. त्याला दोन मुली आहेत." यावर मी काय बोलणार? साहेबावरचा राग त्याने काढला होता, आणि तो लागला होता भलत्यालाच.

त्या आठवड्यात भावाने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. भाव एकवीस रुपये, जुन्या कंपनीहून एक रुपया जास्तच; मात्र लहान मागणीसुद्धा दोन दिवसांत पोचवीन. अकरांपैकी सात गेली. त्यांतली तीन त्या शेजारच्या टेबलवाल्याकडे परत गेली, असे नंतर कळले. चार राहिली. गाळा सोडला, टेंपो दिवसाआड केला, भागीदाराने दुसरीकडे नोकरी धरली. मालिकेत येतात तसे कुणी डेव्हिड वॉलेस साठ हजारांची थैली घेऊन आमच्या दारी आले नाहीत. ते विनोदी मालिकेतच येतात. पण आईची ठेव बँकेत जिथल्या तिथे राहिली.

गेल्या लक्ष्मीपूजनाला आम्ही सारे भावाकडे होतो. व्यापारी माणूस म्हणून त्याने यंदा वहीपूजन करायचे ठरवले होते. वहिनींनी चौरंगावर लाल कापड अंथरले, लाह्या-बत्तासे मांडले. नवी कोरी वही ठेवली. भाऊ उठला, आतून ती शंभर पानी वही घेऊन आला आणि नव्या वहीखाली सरकवली. साडेएकोणीसची बेरीज त्याच वहीत होती.

आई म्हणाली, "अरे, जुनी वही कशाला पूजेत?"

"राहू दे आई," तो म्हणाला, "हिनंच तर वाचवलं."

वहिनींनी दोन्ही वह्यांवर हळदकुंकू वाहिले. पाटल्या अजून सुटून यायच्या आहेत. यंदाच्या पाडव्यापर्यंत येतील, असे भाऊ म्हणतो. या खेपेला त्याने तो हिशेब आधी मांडून पाहिला आहे.